घरच्या संगणकासाठी लिनक्स निवडताना : आधी प्रिंटर बघा, नाव नंतर

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबवली. सांगली-मिरजेत घरोघरी असलेले दहा-बारा वर्षांपूर्वीचे लॅपटॉप आणि असेंबल केलेले डेस्कटॉप त्या दिवशी काही बंद पडले नाहीत. पण विंडोजमध्ये नवी भगदाडं सापडत राहणार आणि या यंत्रांवर ती बुजवली जाणार नाहीत. नोंदणी करून मुदतवाढ घेता येते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मग दुकानात दोन उत्तरं मिळतात: नवीन मशीन घ्या, नाहीतर ‘अकरा बसवून देतो, चालतंय की’. हे दुसरं उत्तर बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या कॉपीसह येतं, आणि ज्या संगणकावर बँकेचा पासवर्ड टाकायचा त्यावर ते मला पटत नाही.

तिसरा रस्ता लिनक्सचा. फुकट, कायदेशीर, आणि जुन्या यंत्रावर विंडोजपेक्षा हलकं. अडचण एवढीच, की लिनक्स म्हणून एकच वस्तू मिळत नाही. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेला गाभा घेऊन, त्यावर आपापली सजावट आणि सॉफ्टवेअर चढवून शेकडो जणांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या आहेत. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. नवशिक्या माणूस या नावांच्या बाजारात शिरतो, आठवडाभर व्हिडिओ बघतो आणि कंटाळून सोडून देतो. माझं मत असं, की डिस्ट्रोचं नाव हा शेवटचा प्रश्न आहे. घरात संगणकावर कोण काय करतं आणि टेबलावर कुठला प्रिंटर आहे, या दोन गोष्टींवर निम्म्याहून जास्त निर्णय होऊन जातो.

पायरी पहिली : घरातल्या कामांची यादी

कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा. आई भिशीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवते, यूट्यूबवर कीर्तन लावते. मुलगी विलिंग्डन कॉलेजला अकरावीत, तिला नोट्स, पीडीएफ आणि गूगल मीट. वडिलांना सातबारा काढायचा असतो, वीजबिल भरायचं असतं, अधूनमधून अर्ज टाइप करायचा असतो. एवढंच असेल तर निर्धास्त राहा. यातलं जवळजवळ सगळं ब्राउझरमध्ये चालतं, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम लिनक्सवरही तेच आहेत. व्हॉट्सअॅप वेब, नेटबँकिंग, महाभूलेख, प्राप्तिकराचं पोर्टल, सगळं उघडतं. झूमचं लिनक्ससाठी वेगळं अॅप आहे.

आता अडणारी कामं. मार्केट यार्डात हळदीची नाहीतर बेदाण्याची अडत असेल आणि हिशोब टॅलीत असेल, तर तो संगणक आहे तसा ठेवा. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. वाइन नावाच्या सोयीतून ते लिनक्सवर चालवणारे लोक आहेत, पण मार्चअखेरीला वर्षाचा ताळेबंद अडकला तर तुमच्याकडे कोणी येणार नाही. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम कोरलड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपीवर चालतं, ऑटोकॅडची गोष्टही तीच. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्राच्या कामात अंगठा घेणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड गृहीत धरून केलेलं असतं. तिथं प्रयोग नकोच. मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर तोही रुसणार, तो खेळ लिनक्सवर चालत नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातले बरेच खेळ मात्र चालतात.

एमएस-सीआयटी करणारं कोणी घरात असेल तर त्यांना विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा सराव लागतो. लिनक्सवरच्या मोफत लिबरऑफिसमध्ये काम तेच होतं, पण बटणं वेगळ्या जागी असतात आणि परीक्षेच्या तोंडावर तो गोंधळ परवडत नाही. अशा घरात दोन्ही ठेवायचं, त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी दुसरी : यंत्राची झडती

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ उघडलं की रॅम किती आणि यंत्र ३२ बिटचं की ६४ बिटचं हे कळतं. गेल्या बारा-पंधरा वर्षांतलं जवळजवळ प्रत्येक यंत्र ६४ बिटचंच असतं. खरोखरच ३२ बिटचं निघालं तर पर्याय झपाट्यानं कमी होताहेत. डेबियननंसुद्धा ऑगस्ट २०२५ च्या १३व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. अशा यंत्रावर पैसा आणि वेळ घालवू नका.

रॅम ४ जीबी असेल तर काम भागतं, ८ असेल तर मजेत चालतं. पण रॅमपेक्षा मी आधी डिस्क बघतो. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठलंही लिनक्स टाका, संगणक सुरू होईपर्यंत चहा उकळून होतो. तिच्या जागी २४० किंवा २५६ जीबीचा साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या. विश्रामबागेत कुठलाही दुरुस्तीवाला तासाभरात बसवून देईल. आणि जुनी डिस्क फेकू नका. त्यात तुमचं विंडोज आणि फोटो जसेच्या तसे आहेत, यापेक्षा चांगला बॅकअप नाही.

आता प्रिंटर. इथं लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर चांगले चालतात, कारण एचपीचं एचपीलिप हे सॉफ्टवेअर मिंट आणि उबंटू या डिस्ट्रोंमध्ये आधीच घातलेलं असतं. लेझरजेट १०२० सारख्या जुन्या मॉडेलला एक जादा प्लगइन लागतं, ते इंटरनेटवरून उतरवावं लागतं, एवढाच त्रास. एप्सनच्या शाईच्या टाक्यांवाल्या एल मालिकेसाठी आणि ब्रदरसाठी कंपन्यांनीच लिनक्सचे ड्रायव्हर ठेवलेले आहेत. डोकेदुखी आहे ती कॅनन एलबीपी २९०० ची. हा छोटा लेझर प्रिंटर आपल्याकडे वकिलाच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या कार्यालयात सगळीकडे दिसतो, आणि लिनक्सवर तो नाठाळ म्हणून प्रसिद्ध आहे. यादीत दिसला तरी पान बाहेर येईलच असं नाही. जाणकार माणूस तो चालवून देऊ शकतो, पण तुम्ही नवशिके असाल आणि घरात रोज प्रिंट निघत असेल, तर हा प्रिंटर हेच विंडोज राहू द्यायचं पुरेसं कारण आहे.

राहिलं वायफाय. ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेक चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. तो उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर, असा फेरा पडतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे मोबाइल यूएसबी केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं. बहुतेक वेळा लिनक्स ते लगेच ओळखतं.

पायरी तिसरी : आता नाव

इथवर आलात तर निवड फार मोठी उरत नाही.

दहातल्या आठ घरांना मी लिनक्स मिंट सांगतो. २००६ पासून चालू असलेला हा प्रकल्प उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभा आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मधे उघडलेल्या खिडक्या. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला नव्यानं काही शिकावं लागत नाही. मिंट २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्याच्या तीन तऱ्हा आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्या, ४ जीबी आणि जुना प्रोसेसर असेल तर एक्सएफसीई. माटे मधलं आहे, वाईट नाही, पण नवशिक्यानं तिथं अडकून बसायचं कारण नाही.

झोरिन दिसायला सर्वांत देखणं. एखादी विंडोजची ईएक्सई फाईल उघडायला गेलात तर ‘याऐवजी हे घ्या’ असं ते सुचवतं. घरात दिसण्यावरून नाक मुरडणारं कोणी असेल तर झोरिनची कोअर आवृत्ती घ्या. ती मोफत आहे. प्रो विकत मिळते, पण घरगुती कामाला तिची गरज पडत नाही.

उबंटू सर्वांत नावाजलेलं, आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलासाठी योग्य, कारण कॉलेजात आणि नोकरीत तेच समोर येतं. दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती येते, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. तीच घ्यायची. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने मिळतात. उबंटूचा पडदा मात्र विंडोजसारखा नाही, पन्नाशीपुढच्या माणसाला तो परका वाटतो.

फेडोरा उत्तम आहे, पण दर सहा-सात महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिनेच आधार मिळतो. घरच्या संगणकाला एवढी घाई कशाला? आर्च नवशिक्यांसाठी नाही, तुमचा भाचा काहीही म्हणो.

‘आपलं भारतीय बॉस का नको?’ असं हमखास विचारलं जातं. बॉस ही चेन्नईच्या सी-डॅकनं डेबियनवर उभारलेली प्रणाली आहे, आणि त्यात भारतीय भाषांची सोय मनापासून केलेली आहे. पण घरच्या वापरासाठी मी ती सांगत नाही. कारण एकच: अडलात तर मदत शोधायला मिंट-उबंटूवरचं जेवढं लिखाण सापडतं, त्याच्या पासंगालाही बॉसवरचं पुरत नाही. भाषेची सोय म्हणाल तर मराठी मिंटमध्येही तितकीच चालते.

पायरी चौथी : पेनड्राइव्ह तयार करणं

मिंटची आयएसओ फाईल घ्यायची ती फक्त लिनक्समिंट डॉट कॉम या अधिकृत साईटवरून. ती साधारण ३ जीबीची आहे. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही. शेजारी फायबरचं कनेक्शन असेल तर तिथून घ्या.

उतरल्यावर फाईल खरी आहे का ते पडताळा. हा सोपस्कार वाटतो, पण त्याला इतिहास आहे: फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साईट फोडून भामट्यांनी त्यांची बिघडवलेली फाईल लोकांच्या गळ्यात मारली होती. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाईलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा काढा आणि साईटवर दिलेल्या आकड्याशी जुळवून बघा. सुरुवातीची आणि शेवटची आठ-दहा अक्षरं सारखी आली तर फाईल वाटेत तुटली-बिघडली नाही एवढं नक्की. पूर्ण आकडा जुळवला तर उत्तमच.

मग ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि रुफस नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या. रुफसमध्ये पेनड्राइव्ह निवडायचा, आयएसओ फाईल निवडायची, बाकी आहे तसं ठेवून स्टार्ट दाबायचं. पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना ते आधी बघा. फाईल नुसती कॉपी-पेस्ट करू नका, तशी ती सुरू होत नाही.

पायरी पाचवी : न बसवता वापरून बघणं

लिनक्सची सर्वांत मोठी सोय हीच, आणि लोक हीच गाळतात. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा: डेल, लेनोव्हो आणि एसरला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर अवलंबून, गिगाबाइटला एफ १२, एमएसआयला एफ ११. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की थोड्या वेळात मिंटचा पडदा समोर येतो. तुमच्या डिस्कला अजून हातही लागलेला नाही.

आता घाई नको. वायफाय जोडा. एखादं गाणं लावून आवाज येतो का बघा. कॅमेरा उघडा. लॅपटॉपचं झाकण लावून पुन्हा उघडा, पडदा परत येतो का ते बघा, जुन्या लॅपटॉपवर इथंच गाडी अडते. उजेड कमी-जास्त करा. प्रिंटर जोडून एक पान काढा. आईला बसवा आणि तिची एक्सेलची फाईल तिलाच उघडू द्या. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालणार, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. यातलं एखादं चाललं नाही, तर त्या यंत्राचं मॉडेलचं नाव टाकून शोध घ्या. उपाय सापडला नाही तर तिथंच थांबा. तुमचं काहीच गेलेलं नाही.

पायरी सहावी : बसवणं

आधी बॅकअप. फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं बाहेरच्या डिस्कवर. नंतर परत बघा, डेस्कटॉपवरच्या फाईली नेहमी राहून जातात.

सरळ रस्ता म्हणजे नव्या एसएसडीवर एकटं लिनक्स. इन्स्टॉलर सुरू करा, भाषा निवडा, ‘मल्टिमीडिया कोडेक’ला टिक करा, म्हणजे गाणी-व्हिडिओ अडणार नाहीत. मग ‘इरेज डिस्क’ निवडा. नव्या डिस्कवर पुसायला काही नसतंच. वेळ विचारली की नकाशात भारत दाखवा, यादीत कोलकाता येतं. नाव-पासवर्ड द्या. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, तो वारंवार लागतो.

विंडोजही ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये तीन कामं करा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फाईली नीट उघडत नाहीत. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. ती नसेल तर एखादे दिवशी विंडोज स्वतःच्याच मालकाला आत घेणार नाही. आणि डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून किमान ५० जीबी मोकळे करा. मग इन्स्टॉलरमध्ये ‘अलाँगसाइड’वाला पर्याय येतो, तो घ्यायचा. पुढे संगणक सुरू होताना कुठलं हवं ते विचारलं जातं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असतं, ते एएचसीआय करावं लागतं. विंडोज सोबत ठेवणार असाल तर हा बदल स्वतः करू नका, विंडोज उघडणं बंद होऊ शकतं. जाणकाराला बोलवा.

एक सूचना गावाकडच्यांसाठी: लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून बसा. डिस्कची मांडणी चालू असताना वीज गेली तर दोन्हीकडून जाल. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणि चार्जर लावूनच काम सुरू करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका.

पायरी सातवी : बसवल्यानंतर

पहिल्यांदा अपडेट मॅनेजर चालवा. मग ड्रायव्हर मॅनेजर, तिथं एनव्हिडियाचं कार्ड किंवा वायफायचा ड्रायव्हर सुचवला तर घ्या. तिसरं टाइमशिफ्ट. हे प्रणालीचा फोटो काढून ठेवतं, काही बिघडलं तर काल होतं तिथं परत जाता येतं. तुमच्या फाईली मात्र ते आपणहून जपत नाही, त्यासाठी वेगळी डिस्क हवीच. सॉफ्टवेअर हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, इकडूनतिकडून उतरवायची विंडोजची सवय सोडा.

मराठी टायपिंगसाठी सेटिंगमध्ये कीबोर्ड, मग लेआउट, मग मराठी. इनस्क्रिप्ट येत असेल तर ‘एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ निवडा, पाच मिनिटांत लिहायला लागाल. फोनेटिकची सवय असेल, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी मराठी उमटवायची, तर ‘कगप’ पद्धत त्याच यादीत आहे, किंवा आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकून आयट्रान्स घ्या. रेमिंग्टनवर हात बसलेल्यांना तो लेआउट आयबसच्या हिंदी यादीत मिळतो, अक्षरं देवनागरीच उमटतात.

जुन्या फाईलींचं काय? मंगलमध्ये, म्हणजे युनिकोडमध्ये लिहिलेलं सगळं नीट दिसतं. फक्त फॉन्ट बदलल्यानं ओळी थोड्या सरकतात आणि दोन पानांचा अर्ज अडीच पानांवर जातो. नोटो किंवा मुक्ता हे मोफत फॉन्ट टाका आणि बाहेर पाठवताना पीडीएफ करून पाठवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या फाईली मात्र कचऱ्यासारख्या दिसतील. त्या आधी विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. लिबरऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिथं मराठी निवडायला विसरू नका. देवनागरीचा फॉन्ट तिथून वेगळा ठरतो, आणि हे माहीत नसल्यानं लोक ‘फॉन्ट बदलतच नाही’ म्हणून वैतागतात.

दोन्ही प्रणाली ठेवलेल्यांना आणखी एक चमत्कार दिसेल: विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. संगणक बिघडलेला नाही. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं, आणि भारताचा फरक नेमका साडेपाच तासांचा. ‘ड्युअल बूट’ आणि ‘लोकल आरटीसी’ एवढे दोन शब्द शोधलेत की लिनक्समध्ये द्यायची एका ओळीची आज्ञा सापडेल, ती एकदाच द्यावी लागते.

अडलात तर चुकीचा संदेश जसाच्या तसा इंग्रजीत टाकून शोधा आणि उत्तर कुठल्या वर्षाचं आहे ते बघा, २०१२ मधला उपाय आज लागू पडेलच असं नाही. याच कारणानं पडद्यावरची भाषाही सुरुवातीला इंग्रजी ठेवा, टायपिंग मराठीत करायला त्याची आडकाठी नाही. गावातच कोणी हवं असेल तर विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजात विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. ओळखीचं पोर तिथं शिकत असेल तर त्याला विचारा.

आणि तो पेनड्राइव्ह लगेच पुसू नका. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर संगणक थेट विंडोजमध्ये जायला लागतो, लिनक्सचं नावही दिसत नाही. बहुधा बायोसमध्ये क्रम बदलून मिंट किंवा उबंटूचं नाव वर आणलं की काम होतं. मिंटवाल्यांना तेवढ्यावर जमलं नाही, तर त्याच पेनड्राइव्हवरून सुरू करून मेनूतलं ‘बूट रिपेअर’ चालवायचं.